शिकलगार सरांची संख्या

शिकलगार सरांना आपला मोबाईल नंबर द्यायचा म्हणजे डॉक्टरपुढे शर्ट काढून उभं राहण्यासारखं होतं. नंबर ऐकला की ते लगेच फोनमध्ये टाकायचे नाहीत. आधी समोर बघत राहायचे. ओठ किंचित हलायचे. तीन-तीन आकड्यांचे गट पाडून मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी चालायची आणि मग निकाल जाहीर व्हायचा. इस्लामपूरच्या ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झालो, त्याच दिवशी त्यांनी माझा नंबर घेतला आणि हळहळून म्हणाले, "माने, तुमच्या नंबराला सातानं भाग जातो हो." शर्टाला मागून भोक पडलंय हे चारचौघांत सांगावं तसा सूर होता. मी खजील झालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे की. रिंग वाजतेय ना?"

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं आणि एवढ्यावर आपलं काम भागतं. सरांचं भागत नव्हतं. एसटी स्टँडवर उभे राहिले तर त्यांची नजर गाडीच्या पाटीवर नसून नंबर प्लेटवर असायची. कवठे महांकाळची गाडी डोळ्यांसमोरून निघून जायची आणि हे म्हणायचे, "गेली, पण एकोणीसनं भाग जात होता." जणू भाग जाणाऱ्या गाडीत बसणं त्यांच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

त्यांचा दुसरा गुण, किंवा अवगुण, म्हणजे सिद्ध झाल्याशिवाय कशालाही हो न म्हणणं. उद्या येणार का, असं विचारलं तर "बहुतेक". जेवण झालं का, याला मात्र "झालं", कारण ते सिद्ध असायचं. एकदा प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "शिकलगार, यंदाचा निकाल चांगला लागेल ना?" सगळे मान डोलावत होते. सर म्हणाले, "लागला की सांगतो." प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरं त्यांना पाठीमागे बहुतेक सर म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं.

घराणं धार लावणाऱ्यांचं. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचं धारेचं दुकान होतं. सर शिकले, नोकरीला लागले आणि दुकान धाकटा भाऊ दस्तगीर याच्याकडे आलं. दस्तू सरांहून पुष्कळ लहान आणि त्यांच्या अगदी उलट, सदा बोलका. कोयते, विळे, विळीची पाती, न्हाव्यांच्या कात्र्या, सगळं त्याच्याकडे. सुटीच्या दिवशी सरही तिथे जाऊन बसायचे आणि हातात पातं घेऊन अंगठ्याने धार बघायचे. "अर्धी धार म्हणजे बोथटच," असं म्हणून ते पातं परत दस्तूकडे सरकवायचे. दस्तू हसून पुन्हा चाकाला लावायचा.

हाच न्याय त्यांनी वर्गात लावला, आणि तिथे मात्र पोरांना तो महाग पडायचा. सिद्धतेचं गणित असेल आणि शेवटची ओळ नसेल, तर कॉलेजच्या परीक्षेत सर शून्य द्यायचे. पायऱ्यांचे गुण ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. जाधव आडनावाची एक मुलगी होती, कडेगावकडच्या एका खेड्यातून यायची. तिने एक अवघड सिद्धता सगळी बरोबर लिहिली, वेळ संपली आणि शेवटची ओळ राहिली. सरांनी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्टाफरूममध्ये आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला ताठ माणूस.

"सर, माझी पोरगी नदीच्या मधापातूर पवत आली व्हती," ते म्हणाले. "त्याचं कायच न्हाई?"

"मधेच बुडतात हो माणसं," सर म्हणाले.

हवालदार मग शांतपणे म्हणाले, "आमच्या पलटनीत अर्ध्या चढावर पडला त्येलाबी सलामी देत्यात, सर." आणि टोपी नीट करून निघून गेले. सर पेपर तपासत राहिले. मला वाटलं, त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही.

त्यांची ती संख्या मला पहिल्यांदा भेटली ती रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर. तास संपल्यावर मी तिथून जात होतो, त्यांनी हाक मारून आत बोलावलं. फळ्यावर त्यांनी एकशेएक लिहिले. "ही मूळ. आता दोन्ही बाजूंना एकेक एक वाढवा." त्यांनी ११०११ लिहिले. "अकराने भाग जातो. अजून वाढवा." १११०१११ लिहून म्हणाले, "एकशे अकराने जातो. मधे शून्य ठेवलं की एकशेएकनंतरची प्रत्येक फुटते. कितीही लांब जा." मग त्यांनी शून्य पुसून तिथे तीन काढला. १३१ मूळ. ११३११ मूळ. "आता हिचं काही सांगता येत नाही. कधी फुटते, कधी फुटत नाही. जितकं लांब जावं तितक्या न फुटणाऱ्या विरळ होत जातात." डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. दोन्हीकडे एकच्या रांगा आणि बरोबर मधोमध तीन. अशी एखादी प्रचंड मोठी मूळ संख्या शोधायची, हा त्यांचा छंद होता. रात्र-रात्र पत्ते खेळणारे आमच्यात होते, त्यामानाने हा छंद निरुपद्रवी म्हणायचा.

आणि ती सापडली. निदान तसं दिसत होतं. काही हजार आकड्यांची संख्या, एका ओळीत सलग लिहिली तर वर्गाच्या चारही भिंती पुरल्या नसत्या. सर आनंदात होते, पण मूळ आहे म्हणत नव्हते. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. एवढ्या मोठ्या संख्येला एकेका आकड्याने भागून बघायचं ठरवलं तर सूर्य विझेल, तरी काम संपणार नाही. म्हणून एक चाचणी असते. ती झटकन होते. चाचणीत नापास झाली तर संख्या नक्की फुटते, कशाने फुटते ते कळत नाही, पण फुटते. पास झाली तर मात्र ती मूळ असल्याचा दाट संशय, एवढंच म्हणता येतं. हिने तसल्या पुष्कळ चाचण्या पास केल्या होत्या.

"मग झालं की," मी म्हणालो.

"संशय म्हणजे सिद्धता नाही, माने. शेजारी तरी फुटायला हवा होता."

शेजारी म्हणजे तिच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची संख्या. त्यांतल्या एकीचे जरी पुरेसे तुकडे पडले, तरी मधलीची सिद्धता सोपी होते. स्थळ बघताना शेजारीपाजारी चौकशी करतात, तसा हा प्रकार. पण हिचे शेजारी दाद देईनात. तेव्हा उरला तो लांबचा रस्ता, म्हणजे कम्प्युटरला महिनोन्महिने राबवून पूर्ण सिद्धता काढायची. जगात असे तयार प्रोग्रॅम आहेत, हे सरांनीच मला सांगितलं. पण त्यांना ते नको होते. त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्याने लावलेल्या धारेवर शिकलगार कसा विश्वास ठेवील, असं ते हसत म्हणाले. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. आता तितकं आवडत नाही.

घरी लाईटचा भरवसा नव्हता. दस्तूच्या दुकानात मोटरीसाठी म्हणून मोठी बॅटरी बसवलेली होती. म्हणून कम्प्युटर दुकानात, धारेच्या चाकाशेजारी एका फळीवर बसला आणि सिद्धता सुरू झाली. सरांनी दस्तूला एवढंच सांगितलं, "लाईट गेली तर बॅटरीवर चालेल. तू हात लावू नको." दस्तूने मान हलवली. तो त्या मशीनवरची धूळ रोज मऊ फडक्याने पुसायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "भाईचा आकडा निघतोय हितं." त्यावरून बाजारातला एक पानवाला संध्याकाळी सरांना गाठून हळूच विचारायला लागला, "सर, उद्याचा कंचा लावू?" सर म्हणाले, "एकशे एकतीस." तो लावून आला की काय, देव जाणे. पुन्हा काही त्याने विचारलं नाही.

मग सर निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला त्यांच्या किडन्या बिघडल्या. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, आधीच गेलेल्या. मुलगी रेहाना साताऱ्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती, ती त्यांना घेऊन गेली. तिथे डायलिसिस सुरू झालं. चालू मशीन हलवता येत नव्हतं, ते इथेच राहिलं. संध्याकाळी सरांचा फोन दस्तूला यायचा. "चालू हाय का?" "चालू हाय, भाई." बस्स, एवढंच बोलणं. मला एकदा ते म्हणाले होते, "माने, डायलिसिसच्या सुया टोचून घेताना मी डोळे मिटतो आणि ते चालू आहे असं मनाशी म्हणतो. हे संपायच्या आधी ते संपलं पाहिजे." हे म्हणजे काय आणि ते म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. हिशेबाने सिद्धता दिवाळीनंतर थंडीत पुरी व्हायची होती.

आणि खंडेनवमी आली.

मी आमच्या घरची विळी धारेला टाकली होती, ती पूजेला आणावी म्हणून सकाळी दुकानात गेलो. दुकान धुतलेलं. चाक पुसून, झेंडूचा हार घालून गप्प ठेवलेलं. त्या घराण्यात हे वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं होतं. बाजारातल्या शेतकऱ्यांची हत्यारं पूजायची, तर ज्यावर ती धारेला लागतात ते चाकही त्या दिवशी फिरवायचं नाही. चाकाच्या शेजारी फळीवर कम्प्युटर. त्यालाही हार. पडदा काळा.

"दस्तू, हे बंद कसं?" मी विचारलं.

"आज खंडेनवमी न्हवं का, सर," तो उत्साहाने म्हणाला. "समद्यांस्नी इसावा. वरीस होत आलं, रातध्याड राबतंय बिचारं. त्येनंच काय पाप केलंय? पहाटं बटन बंद केलं, पुसलं, फुलं घातली. उद्या दसरा झाला की करतू चालू."

सरांनी मला सांगून ठेवलेलं होतं की प्रोग्रॅम अर्धवट काम कुठेच साठवून ठेवत नाही. तशी सोय करता आली असती, पण त्यांनी ती केली नव्हती. अर्धी सिद्धता साठवून काय करायची, असं त्यांचं म्हणणं. मी काहीतरी सांगून बाहेर पडणार, तोच दस्तूने स्वतःच सरांना फोन लावला, सणाचं बोलायला. स्पीकरवर.

"भाई, मशीनलाबी इसावा दिला आज. हार घातलाय. लय ग्वाड दिसतंय."

पलीकडून दवाखान्यातल्या कसल्यातरी यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. दस्तूचा चेहरा बदलायला लागला. "भाई? चुकलं का काय माझं? हात लावू नगं म्हनला व्हता तुमी. पर म्या म्हनलं, आजचा दिस निराळा. आब्बाबी चाक थांबवायचे."

"नाही रे," सरांचा आवाज आला. अगदी नेहमीचा. "बरं केलंस. त्याचं काम झालंच होतं."

"झालं? म्हंजी निघाला आकडा?"

"निघाला."

"पक्का?"

"पक्का. सिद्ध झाली."

मी हातात विळी घेऊन उभा होतो. आयुष्यभर उद्याचं येणंसुद्धा नक्की न सांगणारा माणूस, आणि त्याने हे तीन शब्द भावासाठी उच्चारले. दस्तूने फोन कपाळाला लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपट्याच्या पानांबरोबर दस्तूने साऱ्या पेठेत पेढे वाटले. सुटी संपल्यावर कॉलेजातही आणून दिले. प्राचार्यांनी लगेच सत्काराचं ठरवलं आणि सरांना यावं लागलं, कारण न येण्याचं कारण दस्तूला सांगता येण्यासारखं नव्हतं. सुजलेल्या पायांत चप्पल कशीबशी अडकवून ते स्टेजवर बसले. पहिल्या रांगेत दस्तू, नवी टोपी घालून. सर बोलायला उठले आणि संख्येबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. वडिलांबद्दल बोलले, दुकानाबद्दल बोलले. म्हणाले, "माझं हत्यार माझ्या भावानं सांभाळलं. मी असतो तर इतकं सांभाळलं नसतं." टाळ्या वाजल्या. मग मागून एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, सिद्धता कुठं वाचायला मिळंल?" प्रश्न साधा होता. सरांनी दस्तूकडे बघितलं आणि म्हणाले, "मिळेल. थोडा वेळ द्या मला." त्या मुलाने बापड्याने मान डोलावली आणि खाली बसला.

स्टँडवर सोडायला मी गेलो. साताऱ्याची गाडी यायला अवकाश होता. मी म्हणालो, "सर, तयार प्रोग्रॅम आहेत म्हणता ना? माझ्या मुलाच्या मशीनवर लावतो. काही आठवड्यांत होईल. कुणाला कळायचंही नाही."

"नको. मीच करतो पुन्हा. या वेळेला अर्धं साठवून ठेवायची सोय करीन." गाड्या येत-जात होत्या, पण त्यांनी एकाही नंबराकडे बघितलं नाही. "खंडेनवमी मलाच आठवायला हवी होती, माने. त्या दुकानात जन्मलो मी. दस्तूचं काय चुकलं? तो शिकवल्याप्रमाणे वागला. मी तिथे साताऱ्यात पडून सुया मोजत होतो आणि घरचा सण विसरलो." आणि गाडी लागल्यावर, पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाले, "त्या जाधवच्या पोरीला निम्मे तरी गुण द्यायला हवे होते मी. बरोबर लिहीत आली होती ती."

त्यानंतर दर फोनवर ते सांगायचे, सुरू करतो. रेहानाचा लॅपटॉप घेऊन बसायचे, पण तासाभरात थकायचे. बोटं सुजायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. प्रोग्रॅममध्ये बदल करायला घेतला आणि तो अर्धाच राहिला. मी पुन्हा एकदा तयार प्रोग्रॅमचं काढून पाहिलं, ते विषय बदलून दस्तूची चौकशी करायला लागले. मला त्यांचा राग यायचा. असला कसला अभिमान, की ज्यापायी माणूस एवढ्या तळमळीने हवं असलेलं उत्तरसुद्धा दुसऱ्याच्या हातून घेत नाही? अजूनही तो राग पुरता गेलेला नाही. इतकं जवळ आलेलं सुख एका बटनापायी निसटलं, आणि पुन्हा धरायला माणसात जोर उरला नाही, हे आठवलं की वाईट वाटतं. दस्तूला आजही काही माहीत नाही. धार लावता लावता तो गिऱ्हाइकाला भावाच्या आकड्याबद्दल सांगतो आणि गिऱ्हाईक कौतुकाने ऐकतं. मी कधी तिथे असलो तर मीही ऐकतो.

सरांना मी शेवटचं भेटलो ते साताऱ्यात, रेहानाच्या घराच्या गच्चीवर. दुपार उतरली होती. समोर अजिंक्यतारा, आणि सर प्लास्टिकच्या खुर्चीत शाल घेऊन बसलेले. इतके वाळले होते की क्षणभर मी ओळखलंच नाही. रेहाना चहा ठेवून खाली गेली. सरांना पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे त्यांचा कप अर्ध्याहून कमी भरलेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कॉलेजात गणिताला आता कोण आहे, यंदा पोरं किती, असं. मग ते एकदम थांबले आणि माझ्याकडे वळून, जरा संकोचूनच, म्हणाले, "माने, तुम्हाला काय वाटतं? असेल का हो ती मूळ?"

मी रसायनशास्त्राचा माणूस. त्या संख्येबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनीच सांगितलेलं. माझ्या वाटण्याला काडीची किंमत नव्हती, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. तरी ते उत्तराची वाट बघत होते.

"आहे, सर," मी म्हणालो.

आता ते विचारतील, कशावरून म्हणता? मी मनातल्या मनात काहीतरी जुळवायला लागलो होतो. पण त्यांनी विचारलं नाही.

"आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं." आणि कप खाली ठेवून, खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटले.